नांदूर मध्यमेश्वरला ‘फक्त काळे ठिपके’ दिसले त्या ताईंसाठी

एका ताईंचा प्रश्न आहे. गेल्या डिसेंबरात त्या, त्यांचे यजमान, सत्तरी ओलांडलेले सासरे आणि ८ व १२ वर्षांची दोन मुलं असे सगळे ठाण्याहून नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले. सकाळी ११ च्या सुमारास चापडगावच्या मनोऱ्यावर चढले. लांब पाण्यात काळे ठिपके, अलीकडे हिरवा पाला, बाकी शुकशुकाट. अर्ध्या तासात मुलं ‘चला ना घरी’ म्हणायला लागली. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: आमची वेळ चुकली की जागा? दुर्बीण कोणती घ्यावी? आणि पुन्हा यायचं तर कोणत्या महिन्यात?

गोदाकाठच्या या पाणथळीवर मी २० वर्षांहून जास्त काळ पक्षी मोजायला आणि आलेल्या लोकांना पक्षी दाखवायला जातो. दर हिवाळ्यात हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, वेळ चुकली हे खरं. त्यावर पुढे येतोच. पण माझ्या मते तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही पक्षी शोधत होतात, पाणी पाहत नव्हतात. जंगलात आपण झाडाकडे बघून अंदाज बांधतो, की इथे उंबर पिकलाय म्हणजे हरियल, धनेश येणार. पाणथळीवर तोच अंदाज पाण्याच्या खोलीवरून आणि त्यातल्या वनस्पतींवरून बांधायचा असतो. कुठे घोटाभर पाणी आहे, कुठे गुडघाभर, कुठे पुरुषभर, हे एकदा नजरेला कळलं की तेच काळे ठिपके वेगवेगळे होऊन समोर येतात.

त्यासाठी ही जागा मुळात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता, कालव्यांना पाणी उचलून द्यायचं. हे धरण नव्हे, पाणी अडवून वळवणारा बंधारा. सह्याद्रीवरून आलेल्या नद्यांनी शंभरएक वर्षं इथे गाळ आणून टाकला. पाटबंधाऱ्याच्या हिशोबात हा गाळ म्हणजे तोटा, कारण साठा घटतो. शेतकऱ्याचीही तीच तक्रार आणि ती रास्त आहे. पण याच गाळाने फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या भागात, उथळ पाणी, बेटं, दलदल आणि लव्हाळ्याचे पट्टे तयार केले. आजूबाजूचा मुलूख पर्जन्यछायेतला, कोरडा. त्यात मधेच हा ओला तुकडा. म्हणूनच पक्ष्यांना तो सापडला. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून त्याची घोषणा झाली. रामसर यादीत याचं क्षेत्र १,४३७ हेक्टर आहे आणि नोंदल्या गेलेल्या एकूण प्रजाती ५३६. त्यात पक्ष्यांच्या जोडीला चंदनाची झाडं आहेत, आणि देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक चिमुकला, अतिसंकटग्रस्त मासाही आहे. ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे नाव लोकांनी राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून दिलंय. मला स्वतःला ते फारसं आवडत नाही. ही जागा तिच्या गाळासकट, कालव्यांसकट आणि उसाच्या फडांसकट आपली वेगळी आहे.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्या उत्तराला कोणी वेळापत्रक समजणार नाही. इथलं पाणी निसर्गाच्या मर्जीने कमी आणि आवर्तनाच्या, म्हणजे कालव्यांना पाळीने पाणी सोडण्याच्या, मर्जीने जास्त चढतं-उतरतं. वर गंगापूर आणि दारणा धरणं. तिथून सोडलेलं पाणी इथे येतं. इथून कालवे निघतात, आणि जायकवाडीसाठी पाणी सोडलं तर तेही याच बंधाऱ्यावरून पुढे जातं. वरून पाणी येतंय आणि कालवे बंद आहेत, तर फुगवटा भरलेला. चिखल बुडालेला, पाय टेकून चरणारे पक्षी गायब, बदकं मात्र पसरलेली. उलट, कालवे चालू आणि वरून आवक नाही, तर दोन-तीन दिवसांत काठाचा ताजा चिखल उघडा पडतो आणि त्यावर कुठून कुठून पक्षी उतरतात. एकाच आठवड्यात सोमवारी आलेला माणूस आणि शनिवारी आलेला माणूस, दोघं दोन वेगळ्या जागांची वर्णनं घेऊन घरी जातात. म्हणून येण्याआधी नाशिकच्या वर्तमानपत्रात ‘आवर्तन’, ‘विसर्ग’ (म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी) हे शब्द शोधा. मी स्वतः हवामानाआधी ते वाचतो.

आता तुमच्या काळ्या ठिपक्यांकडे येऊ. ते बहुतेक वारकरी होते. काळं अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा टिळा. दुर्बिणीतून तो टिळा एकदा दिसला की नाव वेगळं सांगावं लागत नाही. हिवाळ्यात इथे त्यांचे मोठाले थवे असतात, म्हणून नवखा माणूस ‘तेच ते’ म्हणून नजर फिरवतो. मी तर प्रत्येकाला वारकऱ्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. पंधरा मिनिटं फक्त एका थव्याकडे बघा. वारकरी बुडी मारतो, तळातलं पाणगवत उपटून वर आणतो. म्हणजे तो जिथे आहे तिथे पाणी खोल, पण तळापर्यंत ऊन पोहोचेल इतकं स्वच्छ आहे, हे तुम्हाला न मोजता कळलं. त्याच्याभोवती काही बदकं घुटमळताना दिसतील. त्यांना बुडी मारता येत नाही, मग वारकऱ्याने वर आणलेल्या गवतातलं ती ओढून नेतात. आणि अचानक विखुरलेले वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले, तर वर बघा. दलदल भोवत्या येत असतो. हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्हीसारखे उचलून तरंगत जातो. तो आला की सगळा फुगवटा उठतो. तुमच्या मुलांना कंटाळा घालवायला आणखी काही लागणार नाही.

वारकऱ्यांच्या अलीकडे, काठाच्या बाजूला, पाणी कमरेपासून गुडघ्यापर्यंत येतं. तो पट्टा बदकांचा. शेपटी आकाशाकडे आणि डोकं पाण्यात असे उलटे झालेले पक्षी दिसले, तर ते तलवार बदक असण्याची शक्यता मोठी. त्यांची मान लांब, म्हणून इतरांपेक्षा थोड्या जास्त खोल पाण्यातलं त्यांना खाता येतं. मग थापट्या. याची चोच पुढे रुंद, थापीसारखी, आणि तिच्या कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दात. पाणी एका बाजूने आत घ्यायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं, मधे अडकलेले किडे-बिया खायच्या. थापटे कधी कधी एकामागे एक गोल फिरतात. पाय हलवून तळाचं वर ढवळलं जातं आणि मागच्याला ते मिळतं, त्याच्यामुळे त्याच्या मागच्याला. मी येणाऱ्यांना हे थापट्यांचं रिंगण म्हणून दाखवतो, आणि आषाढीची वारी पाहिलेल्या आजी-आजोबांना ते एका क्षणात कळतं. तुमच्या सासऱ्यांना नक्की दाखवा.

हळदी-कुंकू बदक मात्र पाहुणा नाही, घरचा आहे. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. हे बारा महिने आपल्याकडे असतं, इथेच अंडी घालतं. पाहुणे आणि घरचे वेगळे ओळखता आले की हिवाळ्याचा अर्थ लागायला लागतो.

गुडघाभर ते पोटरीभर पाण्यात उंच पायांची मंडळी. चित्रबलाक चोच थोडी उघडी ठेवून पाण्यात फिरवतो आणि माशाचा स्पर्श झाला की ती मिटतो. त्याला मासा दिसावा लागत नाही, म्हणून गढूळ पाण्यातही त्याचं चालतं. चमच्या चोच डावी-उजवीकडे झाडूसारखी फिरवत पुढे जातो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी काढतो. राखी बगळा मात्र यांच्यातला असूनही यांच्यासारखा नाही. तो उभा राहतो. वीस वीस मिनिटं हलत नाही. मुलांना सांगा, कोण आधी हलतं बघू, तू की बगळा. माझ्या अनुभवात ८ वर्षांच्या मुलाला शांत बसवण्याचा याहून चांगला उपाय नाही.

आणि सगळ्यात शेवटी घोटाभर पाणी आणि नुसता चिखल. लोक इथेच सगळ्यात कमी बघतात, कारण लांबून तो रिकामा, मातकट दिसतो. प्रत्यक्षात हिवाळ्यातली सगळ्यात जास्त वर्दळ तिथेच असते. गुलाबी लांब पायांचा शेकाट्या ओळखायला सोपा. त्याच्या पायाशी पळत-थांबत, पळत-थांबत जाणारा चिखल्या. सतत शेपूट खालीवर करणारा तुतवार. लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसणारा पाणटिवळा. आणि कडेच्या गवतात मातीच्याच रंगाचा पाणलावा, जो पायाखालून उडेपर्यंत दिसत नाही. प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी, म्हणून एकाच चिखलात प्रत्येकाचं ताट वेगळ्या खोलीवर वाढलेलं असतं. चोच आणि पाय, या दोनच गोष्टी बघितल्या तरी नाव माहीत नसताना तो पक्षी काय खातो हे सांगता येतं. मुलांना नावं पाठ करायला लावू नका. आधी हे ओळखू द्या.

आता वनस्पती. प्रश्नात तुम्ही ‘हिरवा पाला’ म्हणालात. त्या पाल्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी असाव्यात.

एक, पाणकणीस. पुरुषभर उंच, तलवारीसारखी पानं आणि वर उदबत्तीच्या जुडग्यासारखं तपकिरी कणीस. हे मुळं गाळात रोवून उभं राहतं, म्हणजे ते दिसलं तिथे गाळ बसलाय आणि पाणी फार खोल नाही. याच्या आत जांभळी पाणकोंबडी राहते. निळी-जांभळी, लाल चोच, लाल पाय. पाणकणसाचा कोवळा दांडा उपटून पोपटासारखा पायात धरून सोलून खाते. जांभळा बगळाही याच्यातच उभा असतो, आणि मान सरळ वर ताणली की पानांमध्ये दिसेनासा होतो. पाणकणीस जास्त झालं तर उथळ पाणी भरून टाकतं, हे खरं. पण ते पूर्ण काढून टाकलं तर इतक्या पक्ष्यांचं घर जातं. पट्टे ठेवून मधे मोकळं पाणी असावं, ही स्थिती मला सगळ्यात चांगली वाटते.

दोन, बेशरम. फिकट जांभळी भोंग्यासारखी फुलं, काठाला दाट झुडपं. ही अमेरिकेतून आलेली, गुरं तोंड लावत नाहीत, फांदी मोडून टाकली तरी रुजते, नाव त्यावरूनच पडलं. मी काही तिच्या बाजूचा नाही. पण इतकी वर्षं बघितल्यावर हेही सांगायला हवं की दुपारी रातबगळे तिच्याच सावलीत झोपलेले असतात, आणि पाणकावळे तिच्या वाळक्या फांद्यांवर पंख पसरून बसतात. झुडूप परदेशी असलं तरी आज त्यात कोण बसलंय हे बघून मगच कुऱ्हाड चालवावी, आणि तीही विणीचा काळ सोडून.

तीन, पाणवेली, म्हणजे जलपर्णी. फुगीर देठांची, जांभळ्या तुऱ्यांची, पाण्यावर तरंगणारी. हिचा विषय निघाला की मला थांबता येत नाही. ही दक्षिण अमेरिकेतली. नाशिकसारख्या वाढत्या शहराचं सांडपाणी नदीत उतरतं, त्यातलं नत्र आणि स्फुरद हे हिचं खत. हवा मानवली तर साधारण दोन आठवड्यांत हिचा पसारा दुप्पट होतो. दाट थर झाला की खाली ऊन जात नाही, ऊन नाही म्हणून तळाचं पाणगवत मरतं, पाणगवत नाही म्हणून वारकरी आणि बदकं जागा सोडतात. वरून थर कुजतो तेव्हा पाण्यातला प्राणवायू खातो आणि मासे गुदमरतात. म्हणजे एखाद्या वर्षी ‘यंदा बदकं कमी’ असं दिसलं, तर कारण दूर देशात शोधण्याआधी मी पाणवेलीचा थर किती आहे ते बघतो. पुराने ती वाहून जाते. सायखेडा आणि चांदोरीच्या लोकांना विचारा, पूर आला की याच पाणवेली पुलाला कशा अडकतात आणि पाणी गावात कसं शिरतं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात गोदाकाठाने ते भोगलंय.

तरीही काठाला पाणवेलीचा पातळ पट्टा असेल तर तो नीट बघा. कमळपक्षी त्याच्यावरून चालतो. त्याच्या बोटांची लांबी बघून मुलं ओरडतात. वजन पसरलं जावं म्हणून ती इतकी लांब. आणि या पक्ष्यात अंडी उबवायचं, पिल्लं सांभाळायचं काम नर करतो. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते. पावसाळ्यात आलात तर हे बघायला मिळेल.

काठावरच्या झाडांबद्दल थोडक्यात. पाण्यात पाय बुडालेल्या बाभळी दिसल्या तर त्यांच्या फांद्यांना लटकलेली सुगरणीची जुनी घरटी बघा. खाली पाणी, अंगाला काटे, त्यामुळे साप-मांजराला तिथे पोहोचणं कठीण. सुगरणीने जागा विचार करून निवडलीय. करंज, चिंच, उंबर ही जुनी मंडळी. त्यांच्यावर बगळ्यांची रात्रीची वस्ती असते. चंदनाच्या झाडाचं मूळ शेजारच्या झाडाच्या मुळातून अर्धं जेवण घेतं आणि त्याची फळं बुलबुल, कोकीळ खाऊन बिया पसरवतात, म्हणून बांधावर, कुंपणात ते आपोआप उगवतं. कुठे आहे हे मी कधी कोणाला सांगत नाही. कारण तुम्हाला माहीत आहे.

आणि अभयारण्य पाण्याच्या काठाशी संपत नाही. क्रौंच बघायचे असतील तर हरभऱ्याच्या शेतांकडे कान ठेवा. थंडीत पहाटे त्यांची तुतारीसारखी हाक आधी ऐकू येते, मग राखाडी उंच रांग दिसते. हा फार बुजरा पक्षी आहे, गाडीतून उतरू नका. उसात बिबट्या असतो, आणि हे पर्यटकांसाठीचं आकर्षण म्हणून सांगत नाही. निफाडच्या उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं देतात, गावकरी त्यांच्याबरोबर रोज जगतात. संध्याकाळ झाली की मुलांना हाताशी ठेवा आणि फडाच्या कडेने पायी फिरू नका.

आता वेळ. ११ वाजता पोहोचलात तेव्हा तीन गोष्टी तुमच्याविरुद्ध होत्या. पहाटेपासून चरून पक्षी विसावले होते. बदकं तर दुपारी डोकं पाठीत खुपसून तरंगत झोपतात, तेव्हा ती ठिपकेच दिसणार. दुसरं, ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि कितीही भारी दुर्बीण असली तरी लांबचं चित्र विरघळल्यासारखं दिसतं. तिसरं म्हणजे प्रकाशाची दिशा, आणि ही चूक जवळजवळ सगळे करतात. सूर्य तुमच्या समोर असेल तर प्रत्येक पक्षी काळा दिसतो. तुमचे काळे ठिपके अर्धे वारकरी आणि अर्धे उन्हाने काळे केलेले असावेत. सूर्य पाठीशी हवा. सकाळी पूर्वेच्या अंगाला उभं राहून पश्चिमेकडे बघा, दुपारी ४ नंतर उलट. चापडगावशिवाय मांजरगाव आणि खाणगाव थडीच्या बाजूनेही पाणी दिसतं. पक्षी तोच, पण काठ बदलला की रंग उजळतात.

दुर्बिणीबद्दल. ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची घ्यायचा मोह होतो, पण हात हलतो तोही १० पट हलतो, आणि दिसणारं वर्तुळ लहान होतं. नवख्याला उडता पक्षी त्यात सापडतच नाही. धाकट्यासाठी ४२ ची जड पडेल, त्याला ८×३२ बरी. सासऱ्यांना चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली मुडपून, फिरणाऱ्या असतील तर फिरवून खाली करून द्या. हे कोणी सांगत नाही आणि मग म्हातारी माणसं ‘मला काही दिसत नाही बाबा’ म्हणून दुर्बीण परत करतात. पण प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या खेपेला दुर्बिणीपेक्षा गावातला गाईड जास्त उपयोगाचा. चापडगावला स्थानिक पोरं हे काम करतात. काहींकडे तिपाईवरची मोठी एकडोळी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, असते. ती एकदा रोखून ठेवली की पाचही जण रांगेने तोच पक्षी बघू शकतात. शिवाय पाणी काल किती होतं आणि आज किती आहे, हे त्यांना न विचारता माहीत असतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही पाणपक्ष्यांची गणना करत होतो. आम्ही फुगवट्याचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा मोजतो. माझा भाग निम्मा मोजून झाला होता. तेवढ्यात एका हौशी गटाने ‘उडतानाचा फोटो’ हवा म्हणून ड्रोन सोडला. सगळी बदकं, शेकाटे, पाणटिवळे एकदम उठले, आणि त्या सकाळी खाली बसलेच नाहीत. गणना गेली याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. मी विचार करत होतो तो दुसराच. हे पक्षी मध्य आशियातून, त्याच्याही उत्तरेकडून इथवर उडत येतात. मार्चपर्यंत त्यांना परतीच्या प्रवासापुरती चरबी अंगावर चढवायची असते. एक उड्डाण म्हणजे तेवढं खाणं वाया. ‘एकदाच उडवले’ असं प्रत्येक गट म्हणतो, आणि रविवारी असे कितीतरी गट येतात. ड्रोन नको, दगड नको, टाळ्या नको, मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणं नको. पांढरे आणि भडक कपडे टाळा, मातकट-हिरवे घाला. मुलांना हे कारणासकट सांगितलं की ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे पाळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

महिन्यांचं सांगायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भरलेला काळ. चिखलातले पाहुणे त्याआधीच, पावसाळा सरता सरता यायला लागतात. मार्चमध्ये गर्दी ओसरते. पावसाळ्यात पाहुणे नसतात पण घरच्यांची वीण असते, आणि ज्याला वागणूक बघायची आहे त्याच्यासाठी तो काळ मला जास्त आवडतो. निफाडची थंडी मात्र हलकी घेऊ नका. राज्यातला सगळ्यात कमी पारा अनेकदा इथलाच असतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या दिसल्या की समजा, आज पहाटे बोटं बधिर होणार. सासऱ्यांना कानटोपी आणि हातमोजे द्या. जानेवारीत धुकं असलं तर चिडू नका. ते साधारण ९ पर्यंत विरतं, आणि विरताना एकेक थवा बाहेर येतो ते दृश्य वेगळंच असतं.

तेव्हा थोडक्यात, तुमची वेळ चुकली, बहुधा उजेडाची बाजू चुकली, जागा बरोबर होती. जानेवारीत, जमलं तर रविवार सोडून या. आदल्या रात्री नाशिकला किंवा निफाडला मुक्काम करा, नाशिकहून साधारण ४० किलोमीटर आहे. सूर्य उगवण्याआधी काठावर असा. मनोऱ्याच्या पायऱ्या सासऱ्यांना जड जात असतील तर चढायचा आग्रह धरू नका. काठावर घडीची खुर्ची टाकून बसलेला माणूस बहुतेक वेळा मनोऱ्यावरच्यापेक्षा जास्त बघतो, कारण तो हलत नाही. थोरल्याला वही द्या आणि फक्त घोटाभर पाण्यातले पक्षी काढायला सांगा, चोच आणि पाय एवढंच. धाकट्याला वारकरी द्या. ९ वाजता न्याहारीला थांबा, १० ला निघा, आणि दुपारी ४ ला समोरच्या काठाला पुन्हा या. सकाळी जिथे चिखल होता तिथे आता पाणी आलंय की नाही, हे मुलांना आधी बघायला सांगा.